उंबऱ्याबाहेरचा केर



गाभारा, सभामंडप आणि कळस यांविषयी आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले. देवळातून बाहेर पडल्यावर पायाखाली जी गल्ली येते, तिच्याविषयी आणि तिच्या कडेच्या झाडांविषयी हे चार शब्द आहेत.

घरची माऊली पहाटे उठून अंगण झाडते, सडा घालते. पण झाडलेला केर जातो कुठे? उंबऱ्याबाहेर, गल्लीच्या कडेला. तिथे पडला की तो ग्रामपंचायतीचा झाला. घर आपले, देऊळ देवाचे आणि गल्ली सरकारची, अशी ही वाटणी आहे. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, पण हरकत घेतल्याचेही कोणाच्या ऐकिवात नाही.

ही वाटणी मोडण्याचा एक प्रयत्न मुंबईत, घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये, १९९६-९७ च्या सुमारास झाला. त्या गल्लीतील रहिवासी एकत्र आले. भाजीचे देठ, साली, खरकटे असा ओला कचरा वेगळा आणि कागद, काच, पत्रा असा सुका कचरा वेगळा, ही निवड घरातच करायची असे त्यांनी ठरविले. ओल्याचे खत करायचे आणि सुका भंगारात द्यायचा, म्हणजे गाडीत भरून दूर नेण्याजोगे फारसे काही उरत नाही. खत गल्लीतल्याच झाडांच्या मुळाशी पडते. झाडांची निगा आणि केराची विल्हेवाट ही दोन कामे वेगळी नाहीत, एकच आहेत, हे तिथे लोकांच्या ध्यानात आले. पुढे महापालिकेनेच ही पद्धत उचलून धरली. तिला ‘एएलएम’ हे नाव मिळाले. गल्लीच्या समितीने वॉर्ड ऑफिसात नोंद करायची, आणि पालिकेने तिच्याशी बोलायला अधिकारी द्यायचा, अशी ती व्यवस्था. मुंबईभर अशा शेकडो समित्या निघाल्या.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्मरणिकेत नुसते कौतुक छापायची रीत आहे, पण त्याने कोणाचे भले होत नाही. त्या समित्यांपैकी पुष्कळ पुढे कागदावरच राहिल्या. एक तर घरोघर निवडून ठेवलेला कचरा गाडीवाल्याने सर्वांच्या डोळ्यांदेखत एकत्र ओतला, की दुसऱ्या दिवशी निवडायचा उत्साह कोणाला राहणार? दुसरे असे की, अर्जावर सह्या करणारे पन्नास असतात आणि दारोदार जाऊन सांगणारे दोन-तीनच. ते थकले, किंवा जागा सोडून दुसरीकडे राहायला गेले, की समितीचे लेटरहेड तेवढे उरते. तिसरे जरा कडू आहे. काही ठिकाणी समितीचा सगळा जोर फेरीवाल्यांना हटविण्यावर गेला. गरीब माणूस नजरेआड केला म्हणजे गल्ली स्वच्छ झाली असे नाही. सुका कचरा शेवटी हाताळतो तो गरीबच. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. २००८ पासून त्याच कचरावेचक भगिनी ‘स्वच्छ’ ही आपली सहकारी संस्था करून घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. गल्लीच्या समितीत अशा बाईला बसायला जागा आहे का, हे आधी पाहावे.

खेड्यांतही हे सर्व होऊन गेले आहे. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन असे आयुष्य काढून गाडगेबाबा १९५६ साली गेले. २००० साली त्यांच्या नावाने शासनाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. काही गावे त्यातून खरोखर पालटली. काही गावे मात्र तपासणी समिती येण्याच्या आदल्या रात्री पालटली. गटारीला चुन्याची पट्टी, झाडांच्या बुंध्यांना गेरू, फलक, हार. आणि समितीची जीप वेशीबाहेर पडली की पुन्हा उकिरडा तोच.

खताच्या खड्ड्याची एक तक्रार नेहमी ऐकू येते, ती म्हणजे घाण सुटते. घाण सुटते ती पाणी जास्त झाले आणि वारा कमी पडला म्हणून. प्रत्येक ओल्या थरावर सुक्या पाल्याचा थर द्यावा, वरचेवर खालवर करावे. वास राहत नाही. गंमत अशी की, ज्या गल्लीत खड्ड्याची घाण सुटते त्याच गल्लीत रोज सकाळी पाला गोळा करून काडी लावतात. खड्ड्याला जे हवे तेच आपण जाळतो आणि त्याचा धूर पोराबाळांच्या छातीत जातो. देवळातील निर्माल्यही याच खड्ड्यात जावे. फक्त त्यातील दोरा, जरी आणि प्लॅस्टिक आधी काढून घ्यावे. नदीत सोडलेल्या निर्माल्यापेक्षा झाडाच्या मुळाशी गेलेले निर्माल्य देवाला कमी पोहोचते असे कोणी म्हणणार नाही.

शेवटची गोष्ट पाराची. जीर्णोद्धार म्हटला की पाराला सिमेंट आणि फरशी आलीच. दिसायला ते नीटनेटके दिसते, परंतु बुंध्यापर्यंत फरशी भिडविली की पावसाचे पाणी मुळापर्यंत उतरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. पिंपळासारखे झाड लगेच तक्रार करीत नाही. काही वर्षांनी एकेक फांदी वाळू लागते आणि तेव्हा दोष किडीला दिला जातो. दिल्लीत रस्त्याकडेच्या झाडांची अशीच गत झाली, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला. एक मीटर म्हणजे आपले सुमारे सव्वादोन हात. आपल्या पाराचे काम अजून व्हायचे आहे. वाळू-सिमेंट येऊन पडले आहे, फरशी वाटेत आहे. तेवढी जागा मोकळ्या मातीची सोडायला मिस्त्रींना आजच सांगून ठेवलेले बरे.