बिनजोड आणि खतावणी

खारघर म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनश्चक्षूंपुढे रुंद रस्ते, उंच इमारतींच्या रांगा, पावसाळ्यात पांडवकड्यावरून कोसळणारी धार आणि अलीकडे डोक्यावरून सरकत जाणारी मेट्रो एवढेच उभे राहते. पण या नगराच्या पोटात ओवे, मुर्बी, कोपरा, बेलपाडा अशी जी जुनी गावे अद्याप नांदत आहेत, त्यांच्या बाजूला पहाटे फिरावयास जाणाऱ्याला कधीकधी निराळेच दर्शन घडते. गेल्या हिवाळ्यात मला ते घडले. अंगावर झूल घातलेला, शिंगांना तेल लावलेला, पांढराशुभ्र आणि विलक्षण देखणा असा एक बैल डांबरी रस्त्यावरून खुरांचा संथ नाद करीत चालला होता, आणि त्याचा कासरा हाती धरून पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा त्याच्याशी काहीबाही बोलत पुढे चालला होता. सिडकोच्या भूसंपादनानंतर येथील शेत गेले, शेताबरोबर नांगर गेला. बैल मात्र राहिला, आणि तो राहिला तो केवळ शर्यतीसाठी. मी त्या मुलाला विचारले, ‘बाळा, बैल कुणाचा रे?’ त्याने मोठ्या अभिमानाने मालकाचे नाव सांगितले, बैलाचेही सांगितले. ‘आणि पळवतो कोण?’ असे विचारताच तो म्हणाला, ‘डायवर येतो ना काका, शर्यतीच्या दिवशी.’ ड्रायव्हरचे नाव त्याने सांगितले नाही. ते सांगण्याजोगे आहे असे त्याला वाटलेच नसावे. आजचे माझे भाषण त्या न सांगितलेल्या नावाविषयी आहे.

आपल्या रायगड-ठाण्याकडे शर्यतीचा जो प्रकार विशेष लोकप्रिय आहे, त्याला ‘बिनजोड’ म्हणतात. दोन मालकांनी एकमेकांस आव्हान द्यावे, दोन बैलजोड्या समोरासमोर आणाव्यात, आणि पुढे जाईल तो श्रेष्ठ असा उभय पक्षी फैसला व्हावा, इतका हा मामला सरळ आहे. पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे सातारा-सांगलीकडे, रीत निराळी: तेथे छकडे गटागटाने सुटतात, गटात पहिला आलेला उपान्त्य फेरीत, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘सेमी’त, जातो, आणि संध्याकाळी उन्हे उतरत असता ‘फायनल’ होते; दोन मालकांनी आपापला एकेक बैल आणून जी जोडी जमवावी, तिला तेथे ‘पैरा’ म्हणतात. जुन्नर, खेड, आंबेगाव या बाजूस घाटातला बैलगाडा धावतो. त्याच्या पुढे घोडी असते, गाड्याचा सामना दुसऱ्या गाड्याशी नसून घड्याळाशी असतो, आणि ज्याच्या बारीस सर्वांत कमी सेकंद लागतील तो त्या दिवसापुरता ‘घाटाचा राजा’ ठरतो. या तिन्ही प्रकारांना आपापले सौंदर्य आहे, आणि त्यांत उणे-अधिक ठरविण्याचा माझा हेतू नाही; परंतु एक गोष्ट तिन्हींत समान आहे, ती ही की सूर्यास्ताबरोबर हिशेब मिटतो. आजचा राजा पुढल्या यात्रेत पुन्हा शून्यापासून आरंभ करतो, आणि वर्षअखेर ‘यंदाचा श्रेष्ठ कोण’ या प्रश्नाला दफ्तरी उत्तर नसते. ज्याची त्याची आठवण आणि ज्याचा त्याचा आग्रह, एवढाच दाखला असतो.

आता छकड्यावर बसणाऱ्या माणसाकडे क्षणभर जवळून पाहू. हलक्या लाकडाचा तो सांगाडा इतका अरुंद असतो की त्यावर बसणे म्हणजे ओणवे राहून तोल सावरणेच होय. एका हाती कासरा, दुसरा हात जो आधार सापडेल त्याला घट्ट धरलेला, डोळ्यांत खुरांनी उडविलेली माती, आणि दोन्ही बाजूंस आरोळ्या ठोकणारा जनसमुदाय. दोन बैलांपैकी एक उतावळा असतो व दुसरा मनाचा राजा. दोघांची चाल एक करावयाची, जोडी आपल्या फाटीतून, म्हणजे आखलेल्या वाटेतून, बाहेर जाऊ द्यावयाची नाही, आणि शेवटच्या पन्नास पावलांसाठी बैलाच्या छातीत दम राखून ठेवावयाचा, हे सारे त्याने काही क्षणांत साधावयाचे असते. चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका यांना आता कायद्याने सक्त मनाई आहे, म्हणजे त्याच्याजवळ उरतो तो केवळ आवाज, कासरा आणि बैलाची पारख. या माणसाला आपल्या खेडुतांनी सारथी किंवा धुरकरी असे म्हटले असते तर शोभले असते; पण ते त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात, आणि याच एका शब्दामुळे माझे मन दूर सागरापार, अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींकडे गेले.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून विकत घेता येईल अशी घरगुती मोटार. अमेरिकेच्या दक्षिणेतील डोंगराळ मुलखात चोरटी दारू वाहून नेणारे तरुण पोलिसांना हुलकावणी देण्यासाठी आपल्या मोटारी वेगवान करीत, आणि रविवारी माळावर त्याच मोटारींची आपसांत शर्यत लावीत. या उनाड उत्साहाला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स नावाच्या गृहस्थाने १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन केली. आपल्या अलिबाग-मुरुडच्या श्रोत्यांना ऐकून नवल वाटेल की, फ्लोरिडातील डेटोना येथील या शर्यती १९५८ पर्यंत समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवरून धावत असत, आणि आपल्याकडील वाळूवरच्या बैलगाड्यांप्रमाणेच त्यांनाही भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळावे लागे. १९५९ साली तेथे पक्का मार्ग तयार झाला, आणि त्यावरील पहिल्याच पाचशे मैलांच्या शर्यतीत ली पेटी व जॉनी बोशॅम्प यांच्या मोटारी इतक्या बरोबरीने रेषेवर आल्या की प्रथम बोशॅम्पला विजयी म्हणून जाहीर करण्यात आले, आणि छायाचित्रे व चित्रफिती तपासून तीन दिवसांनी तो निकाल फिरवून पेटीला विजय देण्यात आला. झेंडा-पंचाच्या निर्णयावरून आपल्याकडे जी हुज्जत होते, ती पाहिलेल्या माणसाला या तीन दिवसांची किंमत कळेल: पंचांनी हट्ट धरला नाही, पुरावा मागविला, आपली चूक कबूल केली, आणि तो निकाल कायम नोंदला गेला.

त्या लीचा मुलगा रिचर्ड पेटी. त्याने एकंदर दोनशे शर्यती जिंकल्या आणि सात वेळा अजिंक्यपद मिळविले. त्याचा खरा प्रतिस्पर्धी होता डेव्हिड पिअर्सन. वृत्तीने अबोल, आणि शेवटच्या काही फेऱ्यांपर्यंत मागे राहून अचूक क्षणी पुढे सरणारा. १९७६ साली डेटोनाला शेवटच्या वळणावर दोघांच्या मोटारी एकमेकींवर आदळून भिंतीला धडकल्या. पेटीची मोटार रेषेच्या अलीकडे काही हातांवर बंद पडली, आणि पिअर्सनने आपली मोडकी मोटार रखडत-खुरडत रेषेपलीकडे नेली. हे दोघे मिळून पहिल्या दोन क्रमांकांवर ६३ वेळा आले. त्यांत ३३ वेळा पिअर्सन पुढे होता व ३० वेळा पेटी. श्रोतेहो, हे आकडे मी मुद्दाम सांगितले. ६३, ३३ आणि ३० हे जग आज सांगू शकते, कारण दर शर्यतीनंतर कोणीतरी ते वहीत उतरवून ठेवले. आपल्याकडे सांगली-साताऱ्याचे दोन नामांकित ड्रायव्हर एकमेकांसमोर किती वेळा ठाकले आणि कितीदा कोण पुढे गेला, हे सांगणारी वही कोठे आहे?

अशा खतावणीतून काय निर्माण होते, याचे माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण १९९२ चे आहे. वर्षभराच्या गुणांची बेरीज करून अजिंक्यपद द्यावयाचे, ही तेथील त्या काळची पद्धत; आणि त्या वर्षी १५ नोव्हेंबरला अटलांटा येथे शेवटची शर्यत सुरू झाली तेव्हा अजिंक्यपद गणिताने शक्य असलेले सहा ड्रायव्हर शिल्लक होते. सर्वांत पुढे डेव्ही अ‍ॅलिसन होता. त्याच्या मागे ३० गुणांवर अ‍ॅलन कुल्विकी, आणि ४० गुणांवर बिल इलियट. कुल्विकी हा विस्कॉन्सिनचा, शिक्षणाने अभियंता. मोठ्या धनिकांच्या संघात नोकरी पत्करण्यापेक्षा स्वतःचा लहानसा संघ त्याने हट्टाने उभा केला होता. अ‍ॅलिसन अपघातात सापडून मागे पडला, आणि सामना कुल्विकी व इलियट या दोघांत उरला. नियम असा होता की सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर राहणाऱ्यास पाच गुण अधिक मिळावेत. इलियट शर्यत जिंकला, कुल्विकी दुसरा आला; पण कुल्विकी १०३ फेऱ्या आघाडीवर होता आणि इलियट १०२. त्या एका फेरीच्या पाच गुणांसह कुल्विकीने १० गुणांनी अजिंक्यपद मिळविले. ती एक फेरी इलियटकडे गेली असती तर दोघांचे गुण समान झाले असते, आणि अधिक विजयांच्या जोरावर पद इलियटला गेले असते. आठ-नऊ महिने चाललेल्या हंगामाचा निर्णय एका फेरीवर येऊन ठेपला, आणि तरीही कोणी काठी उगारली नाही. कारण तो आकडा सर्वांना आगाऊ ठाऊक असलेल्या नियमातून निघाला होता. पुढल्याच वर्षी १ एप्रिलला कुल्विकी विमान-अपघातात मृत्यू पावला, आणि जुलैमध्ये हेलिकॉप्टरच्या अपघाताने अ‍ॅलिसनलाही नेले. त्या दोघांची अखेरची चुरस मात्र कागदावर जशीच्या तशी आहे.

गुणांची ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. २००३ साली मॅट केन्सेथ हा ३६ शर्यतींपैकी केवळ एक जिंकून अजिंक्य ठरला, आणि आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा राहिला. लोकांनी तक्रार केली, आणि पुढील वर्षापासून पद्धत बदलण्यात आली. पण नियम बदलता आला तो मुळात लिहिलेला नियम होता म्हणून.

आपल्याकडील शर्यतींची कैफियत याहून कष्टमय आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने त्या बंद झाल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली तरी अंमल होऊ शकला नाही. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. साडेसात वर्षे गोठ्यात बैल बांधून शेतकऱ्यांनी वाट पाहिली. प्राण्याच्या ज्या वेदनेसाठी ती मनाई झाली होती, तिचा विसर पडू देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही मी येथे निःसंदिग्धपणे नमूद करतो. परंतु परवानगी मिळून वर्षही उलटले नव्हते तोच, २०२२ च्या नोव्हेंबरात, अंबरनाथला शर्यतीच्या वैरातून गोळीबार झाल्याची वार्ता आली. ती वाचून मला फार लाज वाटली. बिनजोडीत आव्हान मालकाचे, प्रतिष्ठा मालकाची, आणि हारही मालकाच्या जिव्हारी लागणारी; तो सल उतरविण्यासाठी पुढली नियत तारीख नाही, वर्षाची बेरीज नाही, म्हणून ते वैर रानभर मोकाट फिरते. चुरस ड्रायव्हर-ड्रायव्हरांची होऊ द्यावी. ते एकमेकांचे कसब ओळखतात, एकाच पंगतीला जेवतात, आणि आज समोर असलेला उद्या त्याच पैऱ्याच्या छकड्यावर बसतो.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल, की गुणांच्या लोभाने मालक बैलाला दर आठवड्यास पळवील आणि मुक्या जिवाचे हाल होतील. म्हणूनच गुण बैलाच्या नावे नव्हेत, ड्रायव्हरच्या नावे मांडावेत असे माझे म्हणणे आहे. ड्रायव्हर आज या जोडीवर, पुढल्या यात्रेस त्या जोडीवर बसतो. बैल विश्रांती घेईल, हिशेब चालू राहील. वर्षातील त्याच्या उत्तम आठ-दहा शर्यतींचीच बेरीज धरावी, आणि चाबूक वा टोचणी वापरल्याचे सिद्ध झाल्यास त्याचे साऱ्या वर्षाचे गुण जप्त करावेत. आज असा अपराध एका दिवसाचा असतो. खतावणीत तो वर्षाचा होईल.

यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. शर्यतीपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावाच लागतो, बैलांची वैद्यकीय तपासणी व्हावीच लागते, म्हणजे कागद आजही तयार होतो. रायगड-ठाण्यातील यात्रा-समित्यांच्या पंचांना आणि गावकीतील वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: येत्या हंगामात आपल्या नोंदवहीत बैल, मालक आणि गाव या तीन रकान्यांच्या शेजारी चौथा रकाना आखा, त्यावर ‘ड्रायव्हर’ असे लिहा, आणि निकाल पुकारताना ते नाव ध्वनिक्षेपकावरून मोठ्याने उच्चारा.