घड एप्रिलात ठरतो

मी नर्स म्हणून निवृत्त झाले. आता ओझरला घरची दोन एकर द्राक्षबाग बघते. म्हणजे बाग मुलगा बघतो, मी बांधावरून बोलते. आज सांगायचंय ते एवढंच, की आई-वडिलांना विचारून ठेवा. शेवटच्या दुखण्यात काय हवं, काय नको, हे ते धडधाकट असतानाच विचारा.

आपल्या निफाड तालुक्यात तरी हे समजायला जड जाऊ नये. घड दिसतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, पण धरतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, काडी कोवळी असताना, डोळ्याच्या आत. तेव्हा हयगय झाली की ऑक्टोबरात कितीही फवारा, घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. अतिदक्षता विभागाच्या दारात भावंडं मी अशी ऑक्टोबरात पाहिलीत. डॉक्टर विचारतात, व्हेंटिलेटर लावायचा का? थोरला म्हणतो नको, धाकटा म्हणतो लोक काय म्हणतील, बहीण अजून गाडीत. आणि ज्यांना विचारायचं, ते आत बेशुद्ध. लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर यावं यासाठी तीन बैठका घेणारी माणसं ही!

अरुणा शानबाग आमच्याच पेशातली. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिच्यावर हल्ला झाला, तेव्हा ती पंचविशीत होती. 18 मे 2015 ला गेली, तोवर तिथंच निपचित पडून. तिला भरवणं थांबवा, असा अर्ज पत्रकार पिंकी विराणींनी सर्वोच्च न्यायालयात केला. केईएमच्या नर्सेसनी तो मान्य केला नाही. 7 मार्च 2011 ला न्यायालयानं अर्ज फेटाळला, पण निरर्थक उपचार थांबवण्याची वाट त्याच निकालानं उघडली. मी त्या नर्सेसच्या बाजूची. बेडसोर होऊ न देता इतकी वर्षं माणूस सांभाळणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. तरी मनात येतंच, अरुणाला स्वतःला काय हवं होतं? पंचविशीतल्या पोरीला कोण विचारणार? म्हणजे हा प्रश्न म्हाताऱ्यांपुरता नाहीच... पण ते बोलत बसले तर वेळ पुरायची नाही.

कायद्याचं थोडक्यात. 9 मार्च 2018 ला घटनापीठानं वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, कोण जातंय! 24 जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नेमलेल्या अभिरक्षकाकडे द्यायची. असे अभिरक्षक नेमावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते.

कागद जरूर करा. पण कागद ही गोडी छाटणी झाली. बोलणं आधी, आणि सगळ्या भावंडांसमोर. एकट्या थोरल्याच्या कानात सांगितलेलं दवाखान्यात कुणी खरं मानत नाही. पुन्हा सांगते, सगळ्यांसमोर.

सासूबाईंना मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्या घेवडा निवडत होत्या. "शुभ बोल गं," म्हणून गप्प केलं मला. तीन-चार दिवसांनी आपणहून म्हणाल्या, "मला नाशिकला नेऊन नळ्या घालू नका. चंपाषष्ठीला खंडोबाचे बारागाडे निघाले की येळकोट ऐकू येईल, अशा खिडकीशी ठेवा." मी ते दुधाच्या वहीत टिपलं, रविवारी दोन्ही दिरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. धाकटे भाऊजी रडवेले झाले. "आणि धाप लागली तर गं, आई?"

"तर औषध दे की! नळ्या नको म्हटलं रे, औषध नको कुठं म्हटलं?"

तेही वहीत लिहिलं.