कामगाराच्या हाती कॅमेरा



वैशाखाची काहिली अजून ओसरलेली नाही, हातांतले पंखे हलताहेत, आणि अशा वेळी मी आपणांस गुडघाभर बर्फात नेणार आहे, तेही शिकारीला. ‘शिकार’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. हत्तीचा हौदा, मचाण, मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले महाराज, शेजारी एखादा साहेब. आजच्या माझ्या विषयातला शिकारी यांच्यापैकी कुणी नाही. तो मोटारीच्या कारखान्यात काम करणारा मजूर आहे. वर्षातले पन्नास आठवडे तो भोंग्यावर उठतो, भोंग्यावर जेवतो. उरलेल्या दिवसांत भाऊ, मेहुणा आणि वयात आलेला मुलगा यांना घेऊन तो रानात जातो, हरीण मारतो, ते घरी आणून खातो, आणि या सगळ्याचे स्वतःच चित्रण करून ठेवतो. अमेरिकेतल्या मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया, मेन यांसारख्या राज्यांत कामगारांच्या घरोघर अशा फिती होत्या. त्यांविषयी मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

पहिला प्रश्न असा की, मजुराला शिकार परवडली कशी? इंग्लंडात विल्यम राजाने आपल्या मृगयेसाठी जंगले राखून ठेवली. रॉबिन हुडच्या गोष्टीत राजाचे हरीण मारणे हा अपराध असतो, तो यामुळेच. अमेरिकेने ही रीत टाकून दिली. रानातले जनावर जमीनदाराचे नव्हे, राज्यातल्या सर्व जनतेचे, हा दंडक तिथे न्यायालयांनी मान्य केला. सरकारी परवान्याचे थोडे पैसे भरले की कोणीही शिकारीस पात्र. अर्थात या मोकळिकीचा शेवट व्हायचा तोच झाला. एकोणिसाव्या शतकात बाजारात मांस आणि कातडी विकणाऱ्यांनी रानेच्या राने ओस पाडली. १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणे सबंध देशात पाचएक लाखांवर उरली नव्हती. मग कायदे आले. मोसम ठरले, संख्येवर मर्यादा आली. १९३७ साली तर बंदुका आणि काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या जोपासनेसाठीच खर्च करावे, असा कायदा झाला. आज तिथे त्या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात आहे.

मिशिगनपुरते बोलायचे तर आणखी एक गोष्ट घडली. लाकूड कंपन्यांनी उत्तरेकडचे उंच पाइनवृक्ष तोडून नेले आणि उघडी बोडकी जमीन मागे सोडली. ती शेतीच्या कामाची नव्हती. तिचा पुष्कळसा भाग अखेर सरकारकडे आला. १९३१ साली हायावाथा आणि ओटावा ही दोन राष्ट्रीय वने तिथे स्थापन झाली. तोडलेल्या रानात कोवळी झुडपे फुटली, ती हरणांना मानवली. म्हणजे जमीन सरकारी, जनावर जनतेचे, बंदूक स्वतःची. राहिली फक्त सुटी. आणि ती कामगाराने भांडून मिळवली. मिशिगनमधल्या फ्लिंट गावी जनरल मोटर्सच्या कामगारांनी ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७ असे चव्वेचाळीस दिवस कारखान्यात ठाण मांडून संप केला आणि आपली संघटना मालकाला मान्य करावयास लावली. पुढे आठवड्याला चाळीस तास आले, पगारी रजा आली. आपण जी शिकारीची फीत पाहणार, तिच्यातल्या पहिल्या चित्राआधी हा संप आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता कॅमेऱ्याकडे वळू. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२३ साली घरगुती चित्रणासाठी सोळा मिलिमीटरची फीत काढली. कॅमेरा, प्रक्षेपक, पडदा असा सगळा सरंजाम ३३५ डॉलरांना मिळे. ती श्रीमंतांची हौस होती. १९३२ साली, ऐन मंदीत, कंपनीने एक युक्ती केली. तीच सोळा मिलिमीटरची फीत, पण एका वेळी निम्म्याच रुंदीवर चित्र उमटवायचे. पंचवीस फूट फीत संपली की गुंडाळी उलटून पुन्हा भरायची आणि दुसऱ्या अर्ध्यावर चित्रण करायचे. धुऊन झाल्यावर ती मधोमध उभी चिरून दोन्ही तुकडे जोडले की पन्नास फूट फीत तयार. या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याची किंमत साडेएकोणतीस डॉलर होती. तरी मंदीतल्या मजुराला तोही महागच. महायुद्ध संपले, पगार वाढले, तेव्हा कुठे तो त्याच्या घरात शिरला. १९३६ पासून आठ मिलिमीटरमध्ये कोडाक्रोम ही रंगीत फीतही मिळू लागली होती. गंमत अशी की तिचे दोन्ही जनक, लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडॉव्स्की, पेशाने संगीतकार होते.

पन्नास फूट फीत पडद्यावर किती वेळ चाले? जेमतेम चार मिनिटे. चार मिनिटांत सबंध आठवडा बसवायचा! त्यामुळे कामगाराने काय टिपले याला महत्त्व येते. ज्याच्याकडे चारच मिनिटे आहेत, तो ती वाया घालवीत नाही.

या फितींचा एक ठरलेला क्रम असतो. आपल्या लग्नाच्या आल्बममध्ये सीमांतपूजन, मंगलाष्टका, पंगत असा क्रम असतो ना, तसाच. प्रथम घरापुढे उभी मोटार. तिच्यात वळकट्या, शिध्याची खोकी, बंदुकीच्या पिशव्या भरल्या जात आहेत. दाराशी बायको हात हलवते आहे, लहानगे रुसले आहे, कारण त्याला अजून नेत नाहीत. मग रस्ता. १९५७ च्या आधीची फीत असेल तर मॅकिनॉची सामुद्रधुनी येते. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये सरोवरांचे पाणी. पूल नव्हता तोवर मोटारी बोटीने पलीकडे जात. शिकारीचा मोसम १५ नोव्हेंबरला उघडतो, त्यामुळे आदल्या दोन दिवसांत धक्क्यावर मोटारींची मैलोनमैल रांग लागे आणि माणसे तासन् तास थंडीत ताटकळत. वेळ घालवायला कॅमेरा बाहेर निघे. १ नोव्हेंबर १९५७ रोजी पूल खुला झाला, आणि तेव्हापासूनच्या फितींत रांग जाऊन पूल आला. पुढे लाकडी खोपटे, सरपणाचा ढीग, दाढी वाढलेले मेहुणे, लाल चौकड्यांचे लोकरी कोट. पांढऱ्या बर्फावर तो लाल रंग कोडाक्रोममध्ये असा उठून दिसतो की आज सत्तर वर्षांनीही डोळा तिथेच जातो. आणि अखेरीस हरीण. झाडाच्या आडव्या दांड्याला टांगलेले. शिंगे धरून मुलगा शेजारी उभा. तो हसावे की गंभीर राहावे या संभ्रमात आहे. शेवटी मोटारीवर बांधलेले हरीण आणि परतीची वाट.

यात एक गोष्ट आपल्या लक्षात आली असेल. प्रत्यक्ष शिकार कुठेच नाही. गोळी सुटते, हरीण कोसळते, हे बहुधा दिसत नाही. कोणी म्हणेल, यात शिकाऱ्याची काही हळुवार भावना असावी. असेलही. पण कारण पुष्कळसे साधे आहे. हरीण हिंडते ते पहाटे आणि संध्याकाळी. त्या वेळी उजेड अपुरा, आणि जुनी कोडाक्रोम इतकी मंद होती की तिला भर उन्हाची गरज असे. शिवाय माणसाला हात दोनच. बंदूक धरावी की कॅमेरा? ज्याने कॅमेरा धरला त्याचे हरीण निसटले. खोपटातल्या रात्रीही याच कारणाने हुकल्या. पत्त्यांचे डाव, थापा, भांडणे, बाटल्या यांतले काही नाही. दिव्याच्या उजेडात ते टिपणे शक्यच नव्हते. आपण ज्याला कुटुंबाची आठवण म्हणतो ती अशी सूर्यप्रकाशाने निवडलेली असते. इतिहासाचे साधन म्हणून या फिती पाहणाराने एवढी सावधगिरी बाळगलीच पाहिजे.

याउलट धंदेवाईक चित्रपट पाहा. १९७८ सालचा ‘द डीअर हंटर’ हा चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात पेन्सिल्व्हेनियातल्या क्लेअरटन गावचे पोलाद कामगार शिकारीला जातात. त्याला पाच ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि कृती म्हणून ती योग्यच होती. पण त्यातली हिमाच्छादित शिखरे पेन्सिल्व्हेनियात नाहीतच; ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात चित्रित केली. क्लेअरटनच्या खऱ्या कामगाराचे रान म्हणजे बेताच्या टेकड्या आणि पानगळीची झाडे. दिग्दर्शकाला भव्यता हवी होती, कामगाराला आपला मेहुणा ओळखू यावा एवढेच हवे होते. दोन्ही मागण्या रास्त आहेत. पण त्या माणसाचे आयुष्य कसे होते हे विचारावयाचे तर मी मेहुण्याकडेच जाईन.

फ्लिंटच्या संपाचे चित्रण वृत्तपटवाल्यांनी केले होते. त्यात कामगार दिसतो तो जमाव म्हणून. घरच्या फितीत तो कुणाचा तरी बाप आहे, कुणाचा तरी धाकटा भाऊ आहे. दुसऱ्याने काढलेल्या आणि स्वतः काढलेल्या चित्रातला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. १९४२ नंतर जपानी वंशाच्या हजारो अमेरिकन नागरिकांना युटा राज्यातल्या टोपाझ छावणीत डांबले होते. तिथे कॅमेऱ्याला बंदी होती. डेव्ह टात्सुनो नावाच्या एका दुकानदाराने तो चोरून आणवला आणि आठ मिलिमीटरवर छावणीतले रोजचे जीवन टिपले. १९९६ साली ती फीत अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाली. घरगुती फीत ही केवळ घरापुरती नसते, याला याहून निराळा पुरावा नको.

आपल्याकडे काय झाले? शिकार पुष्कळ चित्रित झाली. संस्थानिकांनी केली, साहेबांनी केली. इंग्रज कुटुंबांनी इथे काढलेल्या घरगुती फिती आज केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रात जतन करून ठेवल्या आहेत. पण हाका घालणारा जो माणूस, ज्याच्या अंगावर वाघ आधी यायचा, त्याच्या हाती कॅमेरा कधी आला नाही. तो चित्रात असलाच तर कडेला असतो, आणि खाली नाव नसते. ज्या पारध्यांचा शिकार हा पिढीजात व्यवसाय, त्यांची नोंद झाली ती पोलिसांच्या दप्तरात. मिशिगनचा मजूर आणि आपला हाकेवाला यांच्यात मला अंतर दिसते ते हेच: एकाने आपली नोंद स्वतः ठेवली, दुसऱ्याची ठेवलीच गेली नाही.

श्रोत्यांपैकी कोणी मनात म्हणत असेल, हिंसेचे एवढे कौतुक कशाला? ही शंका मी टाळू इच्छीत नाही. आपल्या देशाने १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण दिले आणि शिकारीचे युग संपवले. ते योग्यच झाले असे मी मानतो. टांगलेल्या हरणाचे ते चित्र पाहणे मलाही सुखाचे नाही. पण ज्याला आपण क्रूर म्हणून नाकारतो, त्याच चित्रात बाप मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो. ते मांस घरी सहा महिने पुरते. चित्र जपावयाचे म्हणजे त्यातल्या प्रत्येक कृत्याला संमती द्यावयाची, असे नाही. आपणांस आवडते तेवढेच जपावयाचे ठरवले तर इतिहास उरणारच नाही.

आणि या फितींत उणिवाही आहेत. कॅमेरा ज्याच्या हाती, तो सहसा दिसत नाही. बायको निघतानाच्या चित्रात आणि परतल्यावरच्या चित्रात. मधला आठवडा तिने कसा काढला, तो कुणी टिपला नाही. नोकरी गेल्याचे चित्र नाही, आजारपणाचे नाही, कर्जाचे नाही. कुटुंब आपले हसरे दिवस तेवढे फितीवर ठेवते. म्हणून फीत पाहताना जवळ म्हातारे माणूस असावे लागते. ते सांगते, ‘हा पुढच्याच वर्षी गेला.’

त्या म्हाताऱ्या माणसांबरोबर फितीही चालल्या आहेत. १९६५ साली ‘सुपर एट’ आली, मग व्हिडिओ आला, आणि जुने प्रक्षेपक माळ्यावर गेले. ॲसिटेटची फीत उष्णतेने आणि दमटपणाने कुजते. डबा उघडला की शिरक्याचा वास येतो आणि आतली फीत आकसलेली असते. मुले घर विकताना डबे जुन्या बाजारात देऊन टाकतात. हे ओळखून तिथल्या काही लोकांनी प्रयत्न आरंभले. मेन राज्यातल्या बक्सपोर्ट गावची एक संस्था १९८६ पासून त्या भागातल्या हौशी फिती जमवते आहे. २००३ पासून ‘होम मूव्ही डे’ साजरा होतो. त्या दिवशी लोक आपले डबे घेऊन येतात, जाणकार ते तपासून देतात, आणि गावाच्या देखत ते पडद्यावर दाखवतात. शेजारी शेजाऱ्याच्या बापाला ओळखतो.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. चार मिनिटांची अडचण संपली. चारशे तास टिपता येतात, आणि म्हणूनच कोणी ते पाहत नाही. मी आपणांस एवढीच विनंती करीन. घरी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडा. फीत नसेल, फोटो असतील. त्यांतल्या माणसांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि मागे पेन्सिलीने लिहा. साल आठवले तर सालही. पुढल्या वसंतात विचारू म्हणाल, तर तोवर सांगणारे असतीलच असे नाही.