किल्ली घरात, कुलूपही घरात

आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आज घरोघरची कागदपत्रं संगणकात आहेत. धानोऱ्यात मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मी भरून देतो. आधार, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं, सगळ्यांच्या प्रती माझ्याकडे. लोकांनी त्या विश्वासानं दिल्यात, म्हणून त्यांचा बॅकअप घेतो तो कुलूपबंद डिस्कवर. डिस्क खिशात मावते, चोराच्याही.

लिनक्समध्ये या कुलपाची सोय आहे, तिला लक्स म्हणतात. पासवर्डशिवाय डिस्कवरचं अक्षरही वाचता येत नाही. पण तो पासवर्ड रोज कोण टाकणार? गेल्या पावसाळ्यात वीज गेली, आली, संगणक पुन्हा सुरू झाला. डिस्क मात्र बंदच राहिली. रात्रीचा बॅकअप ठरल्या वेळी चालत होता आणि प्रती पडत होत्या संगणकातल्याच रिकाम्या फोल्डरात! अकरा दिवसांनी डिस्क उघडली, तर शेवटच्या फाइलवर अकरा दिवसांपूर्वीची तारीख.

तेव्हापासून डिस्क आपोआप जोडली जाईल अशी व्यवस्था केली. क्रिप्टटॅब या फाइलीत कोणती डिस्क आणि तिची किल्ली, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फाइल, कुठे आहे ते लिहायचं. एफएसटॅबमध्ये ती कोणत्या फोल्डरला जोडायची ते. डिस्क ओळखायची तिच्या यूयूआयडी क्रमांकावरून, कारण दुसरा पेनड्राइव्ह लावला की एसडीबीसारखं नाव बदलू शकतं. दोन्हीकडे ‘नोफेल’ लिहा, म्हणजे डिस्क नसली तरी संगणक अडून बसत नाही. आणि डिस्क जोडलेली नसेल तर बॅकअप तिथेच थांबेल, अशी तपासणी त्याच्या स्क्रिप्टमध्ये घाला.

आता किल्लीचं. किल्लीची फाइल संगणकात उघडी पडली असेल, तर संगणक आणि डिस्क दोन्ही उचलणाऱ्याला कुलूप-किल्ली एकत्रच मिळाली. म्हणून संगणकाची मुख्य डिस्कही कुलूपबंद हवी. सुरू करताना एक पासवर्ड टाकावा लागतो, तेवढा त्रास मी आनंदानं घेतो. बॅकअपच्या डिस्कचा वेगळा पासवर्डही राहू द्या, कागदावर लिहून दुसऱ्या घरी ठेवा. संगणकच गेला, तर तोच कामी येईल. लक्सच्या हेडरची प्रतही काढून ठेवा. हेडर बिघडला तर बरोबर पासवर्डही चालत नाही.

आज रात्री एवढं करा: बॅकअपच्या डिस्कवरची सगळ्यात नवी फाइल उघडा आणि तिची तारीख बघा.