वडीलधारी माणसे आणि संगणक

घरातील वृद्धांना संगणक शिकविणे ही त्यांच्या सोयीची बाब आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः प्रश्न सोयीचा नाही, स्वाधीनतेचा आहे. निवृत्तिवेतन, बँकेतील ठेव, विजेचे देयक असे अनेक व्यवहार आता इंटरनेटवरून होऊ लागले आहेत. ज्यांना ते स्वतः करता येत नाहीत, ते आपला पासवर्ड मुलाच्या, शेजाऱ्याच्या, प्रसंगी दुकानातील अनोळखी तरुणाच्याही हाती देतात. आयुष्यभर घराचा जमाखर्च ज्याने स्वतः लिहिला, त्याला आपल्याच पैशांची चौकशी दुसऱ्याकडे करावी लागते. यात फसवणुकीचे भय आहेच. परंतु मानाला बसणारा धक्का त्याहून मोठा असतो.

हयातीच्या दाखल्याचेच उदाहरण घ्या. निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी, बहुधा नोव्हेंबर महिन्यात, आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू केली आणि बोटांचे ठसे किंवा डोळ्यांतील बुबुळ यंत्रास दाखवून हा दाखला देता येऊ लागला. पण वयोमानाने आणि कष्टाने ठसे झिजतात, यंत्र ते ओळखीत नाही. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आणि हे काम घरबसल्या स्मार्टफोनवरून होण्याजोगे झाले. मात्र तो फोन हाताळण्याचे धैर्य कोणत्याही योजनेबरोबर येत नाही.

ते धैर्य येते गरजेतून. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २००२ साली ‘अक्षय’ प्रकल्प सुरू झाला. प्रत्येक कुटुंबातील निदान एका व्यक्तीस संगणकाची ओळख करून द्यावी, असा त्याचा संकल्प होता. या जिल्ह्यातील असंख्य तरुण आखाती देशांत नोकरीस गेलेले. दूरदेशी असलेल्या मुलाचा चेहरा पडद्यावर दिसणार, हे ज्या आईला कळले, तिला संगणकाचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही. पुढे त्याच राज्यात स्वयंसेवक घरोघरी आणि रोजगार हमीच्या कामांवरही जाऊन शिकवू लागले. नव्वदी ओलांडलेली माणसेही शिकली. २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळ पूर्णतः डिजिटल साक्षर झाल्याची घोषणा झाली. अशा घोषणांत थोडी अतिशयोक्ती असायचीच, पण शिक्षक शिकणाऱ्याकडे गेला, ही गोष्ट खरी आहे.

आपल्या घरात नेमके उलट घडते. मुलगा शिकवायला बसतो आणि पाचव्या मिनिटाला “बाबा, द्या इकडे, मी करतो” म्हणून फोन ओढून घेतो. काम होते, शिक्षण थांबते. शिकविणाऱ्याने आपले हात मागे ठेवावेत. बोट चुकीच्या जागी पडू द्यावे आणि तेथून परत कसे यायचे, हे आधी दाखवावे; कारण वृद्धांना खरी धास्ती ‘काही बिघडेल’ याचीच असते. अक्षरे मोठी करून द्यावीत. एका बैठकीत एकच काम घ्यावे, आणि त्याच्या पायऱ्या त्यांनी स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत वहीत उतरवाव्यात. नातवाने टंकून दिलेला कागद सहसा खणातच राहतो.

सावधगिरीचा पाठ मात्र पहिल्याच दिवशी द्यावा. बँकेकडून आलेला ओटीपी कोणालाही, अगदी बँकेचा अधिकारी म्हणविणाऱ्यालाही, सांगू नये. फोनवरून कोणाला अटक होत नाही. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. फसवणूक झालीच, तर संकोचाने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत असावा.