धारूरचा किल्ला

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत धारूरचा किल्ला उभा आहे. आदिलशाही सरदार किश्वरखानाने १५६७च्या सुमारास तो बांधून घेतला, तो अहमदनगरच्या निजामशाहीवर वचक ठेवण्यासाठी. पण दोनतीन वर्षांतच मुर्तजा निजामशहा चालून आला. इतिहासकार फरिश्ता सांगतो, किश्वरखानाच्या उद्दाम पत्राने शहा इतका भडकला, की किल्ला घेतल्याशिवाय रिकिबीतून पाय काढणार नाही, अशी त्याने शपथच घेतली. लढाईत किश्वरखानाला बाण लागला, तो पडला आणि किल्लाही पडला. पुढे १६३१मध्ये मोगल सरदार आझमखानाने तो जिंकला. धारूरचे फतेहाबाद झाले.

बांधणी मात्र पाहण्यासारखी. तीन बाजूंना खोल दऱ्या, म्हणून सारी ताकद लावली ती सपाटीच्या चौथ्या बाजूला: तिथे खंदक आणि मागे काळ्या दगडाचे भक्कम बुरूज. वेढा पडला तरी पाणी तुटू नये म्हणून आत हौद आणि तलाव. आतल्या बऱ्याचशा इमारती आता ढासळल्या आहेत, तटबंदीही जागोजागी खचली आहे. तेव्हा मंडळी, धारूरला जरूर जा. फक्त बुरुजावर आपले नाव कोरू नका.