आधी इंग्रजी शिकवा, मग मुलाखत घ्या!



मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या अंबाजोगाईत मराठीचे गोडवे गायला सभेचा अध्यक्ष लागत नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्या भाषेला अभिजात दर्जाही मिळाला. आज मला बोलायचं आहे ते मराठीत शिकून पीएच.डी. झालेल्या आणि तासिका तत्त्वावर दिवस ढकलणाऱ्या आपल्या पोरांबद्दल.

धारूर-वडवणीकडचा एखादा संशोधक घ्या. आईबाप ऊसतोडीला, प्रबंधाचा विषय ऊसतोड महिलांचं आरोग्य. मुकादमाची उचल कशी अंगावर बसते, एका खाड्याचा दंड किती पडतो, त्या धास्तीने बाई दुखणं अंगावर का काढते, हे तो तासभर सांगेल. 2019 मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. या विषयावर जगाशी बोलायचा पहिला हक्क या पोराचा. पण प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत पहिला प्रश्न इंग्रजीतून येतो आणि त्याची वाचाच बसते. समोरचे शेरा मारून मोकळे होतात: 'कच्चा आहे.'

कच्चा कोण? प्रवेशापासून पदवीपर्यंत पाच-सहा वर्षं तो तुमच्याच, म्हणजे विद्यापीठाच्याच, ताब्यात होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत प्रत्येक संशोधकाला अध्यापनाचं, लेखनाचं प्रशिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. मग त्याच्या इंग्रजी मसुद्यावर लाल शाईने दुरुस्त्या कोणी केल्या? परिसंवादात बोलायची तयारी कोणी करून घेतली? शुल्क घेतलंत, सह्या केल्यात, शिकवलंत काय?

आणि इंग्रजीची गरजच काय, असं विचारणाऱ्या भाषाभिमान्यांना माझा उलट सवाल आहे: तुमची नातवंडं कोणत्या शाळेत जातात? घरात इंग्रजी आणि सभेत अभिमान, हा दुटप्पीपणा गरिबाच्या पोराला महागात पडतो.

बाबासाहेबांनी 1920 मध्ये 'मूकनायक' मराठीत काढला आणि 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. आपल्या माणसांशी त्यांच्या भाषेत आणि सत्तेशी तिला टाळता येणार नाही अशा भाषेत ते बोलले. त्यांचं नाव मिरवणाऱ्या आपल्या विद्यापीठाने एवढं तरी शिकावं.

म्हणून या व्यासपीठावरून तीन मागण्या करतो. मराठीतल्या प्रबंधाला निवडीत दुय्यम लेखू नका. प्रत्येक संशोधन केंद्रात इंग्रजी लेखन-संभाषणाचा वर्ग पहिल्या वर्षापासून, मोफत आणि नियमित चालवा. आणि ज्या पदावर इंग्रजी हा विषय शिकवायचा नसेल, त्याच्या मुलाखतीत मराठीतून उत्तर देण्याची मुभा लेखी द्या. या मागण्यांचे ठराव आज मंजूर करा आणि उद्याच कुलगुरूंच्या हाती द्या. टाळ्या वाजवून घरी जाणार असाल, तर मला अध्यक्ष केलंत कशाला?